अक्षरी रुपये शून्य फक्त

एखाद्या कलावंताने, विद्वानाने किंवा नुसत्याच खटपटी माणसाने काही काम आरंभिले असल्याचे कानी आले, म्हणजे इतर शहरांतील लोक 'ते काम काय आहे?' अशी पृच्छा करतात. बडोद्याचा जुना मराठी माणूस मात्र आधी 'त्याला आश्रय कोणाचा?' असे विचारतो, आणि समाधानकारक उत्तर मिळाल्यावाचून त्या कामाच्या गुणदोषांकडे वळणे त्याला उतावळेपणाचे वाटते. यात त्याचा दोष नाही. ज्या गावात फैयाज खाँसाहेब दरबारच्या तनख्यावर गायले, रविवर्म्याने राजवाड्यासाठी चित्रे रंगविली, आणि चिमणरावांचे जनक प्रा. चिं. वि. जोशी हे पाली शिकवून व राजदप्तर सांभाळून उरलेल्या वेळात अवघ्या महाराष्ट्राला हसवीत राहिले, त्या गावातील माणसाच्या मनात गुण आणि पगारपत्रक या दोन गोष्टी जन्मतःच जोडून येतात असा ग्रह दृढ झाला, तर त्यात नवल ते काय? १९४९ साली संस्थान विलीन झाले. पण आश्रय मागण्याची सवय काही विलीननाम्यात लिहून दिलेली नव्हती, सबब ती प्रजेकडेच राहिली, आणि राजे गेल्यावर तिने डोळे पुसून इकडेतिकडे पाहिले तेव्हा तिला कंपन्या दिसल्या.

कंपन्यांनीही तिला अगदीच निराश केले नाही. चौकातल्या हिरवळीवर आज गवतापेक्षा देणगीदाराची पाटी अधिक जोमाने वाढलेली दिसते. बागेतल्या बाकावर टेकावे तर पाठीला कोणा ना कोणा उद्योगसमूहाचे नाव टोचते. आणि नवरात्रात गरब्याच्या मैदानावर अंबामातेचे दर्शन घ्यावयाचे झाल्यास तत्पूर्वी पाण्याचे पंप, विजेच्या तारा, गृहनिर्माण योजना आणि वेदनाशामक गोळ्या यांचे सविस्तर दर्शन घेऊनच पुढे सरकावे लागते. अशा दानशूर नगरीत माझ्या सख्ख्या भाच्याला, तो ज्यांच्या उपयोगी पडतो त्याच कंपनीकडून, एक छदाम मिळत नाही असे माझ्या बहिणीने डोळ्यांत पाणी आणून सांगितले, तेव्हा मी तिला साहजिकच पहिला प्रश्न विचारला तो आश्रयाचा. काम काय आहे ते नंतर विचारले.

भाचा दिवसा अलकापुरीतल्या एका कचेरीत नोकरी करतो आणि रात्री, बहिणीच्याच शब्दांत, लष्कराच्या भाकऱ्या भाजतो. 'ओपन सोर्स' अथवा मुक्तस्रोत या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यवहाराची रीत अशी, की लिहिणाराने आपली संगणकाची आज्ञावली तिच्या मूळ संहितेसकट चव्हाट्यावर मांडावयाची, सोबत एक सनद जोडावयाची, आणि त्या सनदेत 'ही वस्तू कोणीही वापरावी, उसवावी, सुधारावी, वाटावी, मर्जी असेल तर विकावीही' असे स्वहस्ते लिहून द्यावयाचे. सनदेच्या शेवटी मात्र एक परिच्छेद असतो, आणि इंग्रजीत तो आद्योपांत मोठ्या अक्षरांत छापण्याचा प्रघात आहे: वस्तू जशी आहे तशी दिली असून तिची कसलीही हमी नाही, आणि तिच्यापायी काही नुकसान झाल्यास कर्ता जबाबदार नाही. हा परिच्छेद इतक्या मोठ्या अक्षरांत असूनही तो वाचलेला माणूस मला अद्याप कोणत्याही कंपनीत भेटलेला नाही. आमच्या घराण्यात इनामाची एक जुनी सनद देव्हाऱ्यात ठेवलेली आहे, तिच्यात देणारा राजा आणि घेणारा रंक असा नैसर्गिक क्रम आहे. भाच्याच्या सनदेत देणारा रात्री बारा वाजता वाटीतला चिवडा संपवीत बसलेला असतो, आणि घेणाऱ्यांमध्ये ज्यांची उलाढाल शेकडो कोटींची आहे अशी मंडळी असतात.

त्याची आज्ञावली करते काय, तर आकड्यांत लिहिलेली रक्कम अक्षरांत लिहून देते. मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात जन्मभर जमाखर्च लिहिला. त्यामुळे हे काम क्षुल्लक आहे असे मी तरी म्हणणार नाही. इंग्रजी अंक नियमाने चालतात, वीसच्या पुढे एक ठेवला की एकवीस झाले; आमच्या भाषांत एकपासून नव्याण्णवपर्यंत प्रत्येक संख्येचा स्वभाव निराळा आणि प्रत्येकीला स्वतंत्र ओळीत नोंदवावे लागते. त्यातही मराठी माणूस एकोणिसापासून एकोणनव्वदापर्यंत इमानाने 'एक उणा' करीत येतो आणि नव्याण्णवाशी पोचल्यावर एकाएकी बंड करतो; गुजराती माणसाचे इमान दहाने कमी, तो एकोणऐंशीपर्यंत टिकतो आणि एकोणनव्वदाला 'नेव्यासी' म्हणून मोकळा होतो. ही सगळी बंडे, त्यांच्यावर लाख-कोटींचे स्वल्पविराम, आणि शेवटी तो पवित्र 'फक्त', असे सर्व भाच्याने मराठी, गुजराती व हिंदी या तिन्ही भाषांत बसविले आहे. शहराबाहेरच्या पट्ट्यातील एका मातबर कंपनीची तमाम बिले व धनादेश या आज्ञावलीच्या आधारे छापले जातात, ही गोष्ट त्याला बरीच वर्षे ठाऊकच नव्हती.

ती कळली ती आभारपत्राने नव्हे, ठपक्याच्या पत्राने. एका विशिष्ट प्रसंगी, रक्कम कोटीच्या पुढे गेली आणि पैसे शून्य असले म्हणजे, शेवटचा 'फक्त' गळून पडत असे. ज्या रकमेच्या शेवटी 'फक्त' नाही तिच्यापुढे कोणीही काहीही लिहू शकतो, तेव्हा कंपनीला फुटलेल्या घामाशी मी लेखापाल या नात्याने सहमत आहे. परंतु 'सदरहू दोष आज सायंकाळपर्यंत दूर करून तसे लेखी कळवावे, अन्यथा होणाऱ्या परिणामांची जबाबदारी आपणांवर राहील' ही भाषा ज्याला आजवर एक पैसा दिला नाही त्याच्याशी करताना लेखणी थोडी तरी अडखळावयास हवी होती. लष्कर भाकऱ्या फुकट खाते हे जुनेच आहे. भाकरी करपली म्हणून लष्कराने कारणे दाखवा नोटीस काढणे हे नवीन. भाच्याने त्याच रात्री तो 'फक्त' पूर्ववत बसविला. दुसऱ्या दिवशी त्याला कंपनीच्या यंत्राने आपोआप धाडलेले पत्र आले, की आपली तक्रार निकाली काढण्यात आली असून आमच्या सेवेने आपले कितपत समाधान झाले ते एक ते पाच या अंकांत कळवावे.

'मामा, हे काहीच नाही,' तो म्हणाला, आणि त्याने मला स्वीडनमधील एका गृहस्थाची हकिगत सांगितली. डॅनियल स्टेनबर्ग हे त्यांचे नाव. परकीय चलनांचे दर आपोआप आणून देणारे एक लहानसे साधन त्यांनी १९९० च्या दशकात हाती घेतले; ते वाढत वाढत १९९८ मध्ये 'कर्ल' या नावाने प्रसिद्ध झाले, आणि आज ते भ्रमणध्वनीपासून मोटारींपर्यंत इतक्या ठिकाणी जाऊन बसले आहे की मोजदाद करणेच व्यर्थ. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' नामक एका निराळ्याच आज्ञावलीत भयंकर दोष सापडून जगभर हलकल्लोळ माजला. त्या दोषाशी कर्लचा काडीचा संबंध नव्हता. तरी पुढच्याच महिन्यात अमेरिकेतील पहिल्या पाचशे कंपन्यांत गणल्या जाणाऱ्या एका कंपनीने स्टेनबर्ग यांना प्रश्नावली धाडून २४ तासांच्या आत उत्तरे मागविली. त्यांनी नम्रपणे लिहिले, की आपण माझ्याशी सेवेचा करार करा, मी आनंदाने उत्तरे देईन. यावर जे प्रत्युत्तर आले त्याचा आरंभ 'नमस्कार, डेव्हिड' असा होता. मला या कंपनीविषयी मुळीच राग येत नाही. जमाखर्चात ज्याचे खाते नाही त्याचे नाव लक्षात राहत नाही, हा अनुभव माझाही आहे.

भाच्याच्या मनात कंपनीकडे प्रत्यक्ष जाऊन दाद मागावयाची होती आणि सोबतीला मी हवा होतो, कारण 'तुम्ही अकाउंट्समध्ये होता, मामा, त्या लोकांची भाषा तुम्हाला येते.' त्याची भाषा त्याने रात्रभर जागून तयार केली होती, आणि ती खरोखर हृदयद्रावक होती. तीत एप्रिल २०१४ चे 'हार्टब्लीड' प्रकरण होते: जगातील निम्म्याअधिक संकेतस्थळांचे कुलूप म्हणून वापरात असलेल्या 'ओपनएसएसएल'ला तोपर्यंत वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर देणगी मिळत असे आणि त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता, कुलूप उघडे सापडले तेव्हा मात्र बड्या बड्या कंपन्यांनी घाईघाईने एकत्र येऊन प्रत्येकी वर्षाला एक लाख डॉलर तीन वर्षे देण्याचे कबूल केले. तीत मार्च २०२४ चे 'एक्सझी' प्रकरण होते: एकाच थकलेल्या, बिनपगारी माणसाच्या खांद्यावरचे त्या नावाच्या आज्ञावलीचे काम दोन-अडीच वर्षे गोड बोलून एका अनोळखी इसमाने हळूहळू आपल्या हाती घेतले आणि त्यात चोरवाट ठेवली, ती उघडकीस आली ती केवळ अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक का लागतो ही शंका आली म्हणून. (असा माणूस आमच्या खात्यात एकही नव्हता, नाही तर काही निवृत्त्या मुदतीपूर्वी झाल्या असत्या.) तीत हार्वर्डच्या व्यापारविद्यालयातील संशोधकांनी २०२४ मध्ये काढलेला हिशेबही होता, की हा सगळा फुकट माल कंपन्यांना नव्याने करून घ्यावा लागला तर त्याचे मोल ८.८ लाख कोटी डॉलर भरेल आणि त्यांचा आज्ञावलीवरचा खर्च साडेतीन पट होईल. एवढी सामग्री घेऊन तो निघाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कीर्तनाला निघालेल्या बुवांचे तेज होते.

कंपनीचे मुख्य वित्ताधिकारी हे अतिशय सज्जन गुजराती गृहस्थ निघाले. त्यांनी आम्हांला चहा दिला, चहाबरोबर भाकरवडी दिली, 'बोलो काका, शुं सेवा करूं?' असे विचारून माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि भाच्याचे संपूर्ण कीर्तन मध्ये एकदाही घड्याळाकडे न पाहता ऐकून घेतले. ते संपल्यावर त्यांनी क्षणभर डोळे मिटले.

'एटले ए फ्री छे?'

'हो, फ्री आहे, पण...'

'फ्री छे, तो पैसा शेना?'

या चार-पाच शब्दांवर जगातील विद्वानांनी आजवर जी काही टीका-टिप्पणी केली असेल ती असो. त्या खोलीत त्यांना उत्तर नव्हते. मी भाच्याचा मामा असलो तरी हाडाचा लेखापाल आहे, आणि खरे सांगावयाचे तर मला त्या गृहस्थांचेच पटले. ज्याची मागणी आलेली नाही, ज्याचे बिल नाही, ज्याचे देणे कायद्याने लागत नाही, अशी रक्कम कोणत्या नावे टाकावयाची? 'कृतज्ञता' हे खाते लेखाशास्त्रात नाही. माझ्या अमदानीत कोणा कारकुनाने असा खर्च लिहिला असता तर मीच त्याच्यावर तांबड्या शाईने शेरा मारला असता. हेच गृहस्थ स्वतःच्या खिशातून पांजरापोळाला दरसाल मोठी रक्कम देतात, हे मला मागाहून समजले. म्हणजे अंतःकरणात ओलावा होता, फक्त तो कंपनीच्या वहीत उतरावयास वाट नव्हती.

त्यांनी आम्हांला मोकळ्या हाताने मात्र परत धाडले नाही; सामाजिक दायित्व पाहणाऱ्या बाईंकडे धाडले. कंपनी कायदा, २०१३ च्या १३५ व्या कलमान्वये ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के लोककल्याणार्थ खर्च करावे लागतात, आणि लोककल्याण म्हणजे काय याची यादी त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात दिलेली आहे. बाईंनी ती यादी ओळीवर बोट ठेवीत आमच्यासमोर वाचली. भूक, शिक्षण, पर्यावरण, पुरातन वास्तू, ग्रामीण खेळ, इतकेच काय, सार्वजनिक ग्रंथालयेसुद्धा तीत निघाली. मुक्तस्रोत निघाला नाही. 'शाळेला कॉम्प्युटर द्यायचे असतील तर लगेच करू,' त्या म्हणाल्या. कॉम्प्युटरात जे चालते त्याचे काय, असे भाच्याने विचारले, तेव्हा त्यांनी पुन्हा एकदा यादी वाचली आणि मग खऱ्याखुऱ्या कळवळ्याने विचारले, 'तुम्ही झाडं नाही का लावत?'

जाहिरात विभागाने आमचा लोगो कोठे दिसेल अशी विचारणा केली. भाच्याने प्रामाणिकपणे सांगितले, की आज्ञावलीसोबत 'रीडमी' नावाची एक फाइल असते, तिच्या तळाशी. परंतु ती फाइल सहसा कोणी उघडत नाही. विभागप्रमुखांच्या मुद्रेवर गरब्याचे मैदान तरळून गेले. मनुष्यबळ विभाग सर्वांत उदार ठरला: त्यांनी भाच्याला कर्मचाऱ्यांपुढे एक तास बोलावयाचे आमंत्रण दिले, आणि मानधन म्हणून शाल, श्रीफळ व स्मृतिचिन्ह. बहिणीच्या शोकेसमध्ये अशी स्मृतिचिन्हे आता इतकी झाली आहेत, की मूळचे काचेचे हंस माळ्यावर गेले.

घरी परतताना भाचा मनुष्यजातीच्या कृतघ्नतेवर बोलत होता आणि मी, न्यायमंदिराशी रिक्षा अडकून पडली असता, बडोद्याचे जुने राजे खंडेराव महाराज यांचा विचार करीत होतो. आश्रयाचे जे दोन प्रकार संभवतात ते दोन्ही या शहराने पाहिले आहेत. खंडेरावांचे औदार्य मनाच्या लहरीवर चाले: मदिनेच्या पवित्र स्थानी अर्पण करावयाला त्यांनी मोत्यांनी मढविलेला गालिचा करविला, आणि त्यांनी कबुतरांचे लग्न थाटामाटाने लावल्याची दंतकथा तर अजून दांडिया बाजारात सांगतात. त्यांच्यामागून आलेल्या मल्हाररावांच्या काळात सोन्याच्या तोफा ओतल्या गेल्या. महाराज प्रसन्न असतील त्या दिवशी गुणिजनाने समोर असावे, आणि नसतील त्या दिवशी गाव सोडावे, एवढेच त्या व्यवस्थेचे नियम. भाच्याच्या मनातली कंपनी ही अशीच होती. तिने त्याचे कीर्तन ऐकावे, गहिवरावे, आणि गळ्यातला कंठा काढून द्यावा.

सयाजीराव महाराज मात्र गहिवरत नसत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून १८७५ साली गादीवर आणलेल्या या शेतकऱ्याच्या पोराला १८८१ साली पूर्ण अधिकार मिळाले, आणि तेव्हापासून त्यांनी औदार्याला कचेरीचे नियम लावण्याचा सपाटा लावला. श्रावणमासाची दक्षिणा पूर्वी पंगतीत बसणाराला मिळे. ती परीक्षेत उत्तीर्ण होणाराला देण्याची पद्धत पडली, आणि पुष्कळ पंगतपंडितांना त्या वर्षी अध्ययनाची गोडी लागली. देशी भाषांत ग्रंथ व्हावेत म्हणून त्यांनी लेखकांना बोलावून कंठे घातले नाहीत. दोन लाख रुपये निराळे काढून त्यांच्या व्याजावर ग्रंथमाला चालविली, म्हणजे महाराजांचा मूड गेला तरी व्याज येत राही. १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला आणून त्यांनी खेडोपाडी मोफत वाचनालयांचे जाळे विणले. १९१६ पासून 'गायकवाड ओरिएंटल सीरीज'मध्ये राजशेखराच्या काव्यमीमांसेपासून आरंभ करून संस्कृत पोथ्या छापून साऱ्या जगाला उपलब्ध करून दिल्या. १९१३ साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात धाडले तेव्हासुद्धा शिष्यवृत्तीसोबत दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करारनामा लिहून घेतला. करारनामा पुढे कसा टिकला नाही हा भाग लज्जास्पद आहे, आणि ती लज्जा या शहराची आहे; पण देणे आणि करारनामा ही जोडी पाहा. मोफत वाचनालयात पुस्तक वाचणाऱ्या पेटलादच्या शेतकऱ्याला 'फ्री छे, तो पैसा शेना?' असे कोणी विचारले नाही, कारण पैसे अंदाजपत्रकात आधीच पडलेले होते.

कंपन्या देतच नाहीत असेही नाही. त्या देतात तेव्हा देतो असे म्हणत नाहीत, एवढेच. हा मजकूर कोणी भ्रमणध्वनीवर वाचीत असेल, तर त्यातली ऱ्हस्व वेलांटी टंकताना अक्षरामागून येते आणि पडद्यावर अक्षरापुढे जाऊन उभी राहते, रफार आपल्या जागेवरून उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. हे काम बहुतेक ठिकाणी 'हार्फबझ' नावाची मुक्त आज्ञावली करते, आणि तिच्यावर राबणाऱ्यांना रेड हॅट, गूगल, मोझिला या मंडळींनी वर्षानुवर्षे पोसले ते देणगी म्हणून नव्हे, पगार म्हणून. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले 'लोहित' टंक रेड हॅटने घेऊन सर्वांना मोकळे केले, तेही खरेदी म्हणून. बंगळुरूच्या झेरोधा या शेअरदलालीच्या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये तर सरळ सयाजीरावी मार्ग धरला: 'फ्लॉस फंड' नावाचे खाते उघडून वर्षाला १० लाख डॉलर बाजूला काढले, एका प्रकल्पाला कमीत कमी १०,००० आणि जास्तीत जास्त १ लाख, आणि मागणाऱ्याने आपली गरज 'फंडिंग डॉट जेसन' या ठरावीक नमुन्याच्या फायलीत लिहून आपल्याच प्रकल्पात ठेवावी असा दंडक घातला. अर्ज विहित नमुन्यात पाहिजे, हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्याच सुमारास परदेशातील काही कंपन्यांनी 'ओपन सोर्स प्लेज' अशी शपथ काढली, की पदरी असलेल्या प्रत्येक आज्ञावलीकारामागे वर्षाला निदान २,००० डॉलर द्यावयाचे. डोईपट्टी म्हणतात ती हीच. आणि लेखापालाला दयेपेक्षा पट्टी केव्हाही अधिक समजते.

तेव्हा मी भाच्याला बसविले आणि विचारले, कंपनीत लिफ्ट आहे काय? आहे. तिचा एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, असेलच. वातानुकूलन यंत्रांचा? असेल. पाणी गाळण्याच्या यंत्राचा, झेरॉक्सचा, दारातल्या कुंड्यांचा? सर्वांचा असेल. त्या कुंडीतले शेवंतीचे झाड कंपनीला कोणी भेट दिले होते का विकत, हे एएमसीच्या वेळी कोणी विचारीत नाही. मग तू त्यांच्याकडे दान कशाला मागतोस? आज्ञावली फुकटच राहू दे. तिच्या देखभालीचा करार कर: वर्षातून इतक्या वेळा तपासणी, दोष आढळल्यास इतक्या तासांत दखल, आणि 'फक्त' गळाल्यास त्याच दिवशी. भाच्याला हे मुक्तस्रोताच्या उदात्त तत्त्वाशी प्रतारणा केल्यासारखे वाटले. मी त्याला म्हटले, तत्त्व तुझे, मसुदा माझा. बिल छापताना रक्कम अर्थात त्याच्याच आज्ञावलीने अक्षरी काढली.

वित्ताधिकारी साहेबांनी ते बिल पाहिले आणि त्यांचा चेहरा फुलला. 'काका, आ पहेलां केम ना आप्युं?' त्यांनी विचारले, आणि तत्काळ 'मंजूर' असा शेरा मारून कागद खरेदी विभागाकडे रवाना केला.

खरेदी विभागाने कळविले, की नियमाप्रमाणे तीन दरपत्रके जोडल्याशिवाय तजवीज करता येत नाही. रक्कम अक्षरी करून देणाऱ्या आणखी दोन आज्ञावली जगात आहेत. भाच्याने त्यांच्या कर्त्यांना दरपत्रके मागितली, आणि दोघांनीही आनंदाने कळविले की आमची वस्तू विनामूल्य आहे. तुलनात्मक तक्त्यात त्यामुळे पहिला दर शून्य, दुसरा दर शून्य, आणि भाचा सर्वांत महाग ठरला. सुदैवाने त्या दोघांकडे जीएसटी क्रमांक, रद्द केलेला धनादेश आणि कंपनीच्या शिक्क्यासह अधिकारपत्र नव्हते, सबब ते अपात्र ठरले. भाच्याकडेही पहिले आणि तिसरे नव्हते. ते त्याने यथावकाश मिळविले. मग वाटाघाटी झाल्या. जी वस्तू इतकी वर्षे फुकट वापरली तिच्या किमतीत दहा टक्के सूट मागण्यात आली. पाच टक्क्यांवर तडजोड झाली.

गेल्या आठवड्यात पर्चेस ऑर्डर हातात पडली. तिच्या पाठीमागे बारीक टाइपात छापलेल्या अटींत असे आहे, की माल चांगल्या वेष्टनात, पुरवठादाराच्या खर्चाने, रविवार सोडून सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात कारखान्याच्या फाटकावर पोचता करावा. आवक नोंद झाल्याखेरीज बिल काढले जाणार नाही. 'मामा, आता फाटकावर नेऊन काय देऊ?' भाच्याने फोनवर विचारले. मी त्याला सांगितले, एक पेन ड्राइव्ह घेऊन जा; कोरा असला तरी चालेल, पण डिलिव्हरी चलन तीन प्रतींत ने.